पिवळे बाण

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
नाझ्झारेनो रस्त्यावर बाण काढतो.
मी गाडी हाकते, पहिल्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकत ठेवून.
तो मागचं दार उघडं टाकून बसतो, पाय बाहेर,
मांडीवर पत्र्याचा साचा, टाचांमध्ये डबा:
चुन्यात कालवलेला पिवळा,
दोन पावसांत धुऊन जाईल असा. नगरपालिकेची अट.
"थांब," म्हणतो. मी थांबते.
वाकतो. गुडघा कटकन वाजतो.
एक बाण होतो.

एकशे अठरा किलोमीटर, तीनशेच्या वर बाण,
आणि उद्या सकाळी चारशे सायकली
या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर भरवसा ठेवून निघणार.

नकाशा त्याच्या डोक्यात नाही, पोटऱ्यांत आहे.
"हा चढ लबाड," तो सांगतो,
"वळणापर्यंत गोड बोलतो, मग खिशात हात घालतो.
हा बरा. पहिल्या हातापासूनच तोंड वाकडं."
उताराबद्दल एक अक्षर नाही.
विचारलं तर म्हणाला,
"उसन्या पैशाबद्दल काय बोलायचं?"

विटांच्या वेशीखालून गेलो.
वेस चांगली उंच आहे, तरी इथे सगळेच मान खाली घालतात,
मीसुद्धा, गाडीत बसून.
पुढच्या गावातलं घड्याळ सात मिनिटं पुढे,
कुणी लावायचं यावर साठ वर्षं भांडण.
एर्मेलिंदा दारात बडीशेपेची कडक बिस्किटं वाळत घालत होती,
उद्यासाठी.
"दात शाबूत असलेले येऊ देत यंदा," ती ओरडली.
मग गव्हाचे उतार, कडेला खसखशीची लाल फुलं,
आणि मधूनच एखादं ऑलिव्हचं झाड,
कुणीतरी बोलावल्यासारखं मागे वळलेलं.

तुतीच्या फाट्यावर बाण दरवर्षी डावीकडे जातो.
मी चाक डावीकडे घेतलंसुद्धा.
"उजवीकडे," तो म्हणाला.
उजवीकडे सांतावेर्ना.
"वर कोण आहे आता?"
"नळ आहे."
"चार किलोमीटर चढ. शिव्या घालतील."
"घालू देत. आवाज तर होईल."

भूकंपानंतर वरची माणसं खाली नदीकाठी
लाकडी घरांत राहतात, तात्पुरती,
आठ वर्षं झाली तात्पुरती.
वर लोखंडी जाळ्या, टेकू दिलेल्या भिंती,
एका खिडकीत अजून पडदा.
इंजिनिअरने चौकापर्यंतच परवानगी दिली होती,
सही-शिक्क्यासकट; नाझ्झारेनोने ती घडी करून टोपीत ठेवली होती.
चौकात नळ चालूच होता.
पाणी बंद करायचं कुणाला सुचलंच नसावं.
त्याने तारेच्या ब्रशने शेवाळ काढलं.
मागे त्याच्या दुकानाचं शटर,
त्यावर खडूने लिहिलेलं: दुपारी चारला येतो.

परत फाट्यावर आलो तेव्हा
सीटखालून त्याने एक दुसरा, लहान डबा काढला.
मी काही विचारलं नाही.

रविवारी शिव्या पडल्या, भरपूर, चार बोलींत.
अँकोनाचा एक डॉक्टर उतरून सायकल ढकलत आला
आणि नळाखाली डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला.
टिटोला मी ओळखलं. वय आठ, सायकल बाराच्या मुलाची,
पाय पोचत नव्हते, तरी आला.
त्याची आई जन्मली ते घर त्याने जाळीतून पाहिलं,
मग बाटली भरली,
मग दुसऱ्यांच्या भरून द्यायला लागला.
दोन तास चौकात चेन करकरत होत्या,
कुणाचा तरी फोन वाजत होता, कुणी हसत होतं.
नाझ्झारेनो शटरला पाठ लावून उभा,
ओठ हलत होते. मोजत असेल.
किती झाले ते त्याने सांगितलं नाही.

सप्टेंबरात द्राक्षांचे क्रेट घेऊन त्याच रस्त्याने गेले.
दोन नव्हे, चांगले दहा पाऊस होऊन गेले होते.
वेशीपासचा बाण नाही. घड्याळापासचा नाही.
एर्मेलिंदाच्या दारापुढे नुसता डाग.
तुतीखाली मात्र
पिवळा धमक, उजवीकडे.
बोट लावून पाहिलं.
तेलाचा रंग.